बिडाच्या तव्याची मालकीण

डोंबिवलीत, आयरे रोडच्या श्रीकृपा सोसायटीत शेवंतीबाई परबांच्या हातचं खाल्लं नाही असं घर नाही, आणि त्यांच्या तोंडून उद्धार झाला नाही असंही घर नाही. कुणाकडे वाटीभर उसळ द्यायला म्हणून जायच्या, दारातूनच ओट्यावर एक नजर टाकायच्या, आणि तिथे एखादं गुलाबी दांड्याचं, काचेच्या झाकणाचं पॅन दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं, ते बघून समोरची बाई उगाचच पदर सावरायची. घरी येऊन नवऱ्याला सांगायच्या, "भातुकली मांडलीय हो नुसती! त्या पॅनला भाकरी दाखव म्हटलं तर लाजेल बिचारं."

नवरा म्हणजे सहदेवराव, "हं" म्हणायचे आणि पेपरचं पान उलटायचे. शेवंतीबाईंच्या मते या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणं हाच मूर्खपणा होता. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस, तिथल्या वाफांनी नाक कधीच कामातून गेलेलं. पुढ्यात वाढा ते खाणार, ताट धुऊन ठेवणार, गॅलरीत जाऊन बसणार. "ह्यांना मी उद्या पुठ्ठा तळून घातला तरी दुसरा मागतील," असं त्या पाहुण्यांसमोर खुशाल बोलायच्या, आणि सहदेवरावही पाहुण्यांबरोबर हसायचे.

शेवंतीबाईंचा सगळा तोरा एका तव्यावर उभा होता. बिडाचा तवा. ठोकून केलेला पत्र्याचा तवा वेगळा आणि साच्यात ओतलेलं हे जाड, जड, दोन कानांचं बीड वेगळं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मुरबाडच्या बाजूला म्हशाची जत्रा भरते तिथे त्या हट्टानं गेल्या होत्या. लोक बैल बघत होते, घोंगड्या बघत होते, आणि ही नवी नवरी एका लोखंडवाल्यापाशी उकिडवी बसून एकेक तवा बोटानं वाजवून कानाशी नेत होती. एस.टी.त जागा मिळाली तेव्हा तवा सहदेवरावांच्या मांडीवर ठेवला आणि कल्याण येईपर्यंत त्यांना हलू दिलं नाही. "बीड पडलं तर वाकत नाही, फुटतं," हे त्यांनी नवऱ्याला तेव्हा जे बजावलं, ते पुढे घरात येणाऱ्या प्रत्येकाला बजावलं.

आणि खरंच सांगायचं तर तोरा मिरवावा असाच तो तवा होता. वर्षानुवर्षं तेल पिऊन त्याला अशी तुकतुकीत काळी झाक आली होती की वरच्या ट्यूबलाइटची रेघ त्यात दिसायची. साबण त्याला कधी लागला नाही. गरम असतानाच पुसायचा, नारळाच्या शेंडीनं तेलाचा हात फिरवायचा आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचा, एवढंच. सकाळी तो गॅसवर चढला की शेवंतीबाईंचा दिवस सुरू व्हायचा. तापायला वेळ घ्यायचा, पण एकदा तापला की मग काय विचारता! भाकरी टाकावी तर खालून पापुद्रा धरून टम्म. थालीपीठ करावं तर कड अशी खमंग की मुलं मधला भाग टाकून कडाच पळवायची. आणि घावनं! कणकवलीकडच्या माणसाला घावनाबद्दल शिकवायला जाऊ नये. तांदळाचं पातळ पीठ वाटीनं वरून सोडायचं, ते पडताच चर्रर्र व्हायचं, क्षणात भोकाभोकांची जाळी उभी राहायची. मग खरी मेख होती. बीड तापलं की गॅस बारीक करून ऐकत नाही. म्हणून शेवंतीबाई दोन्ही कानांना फडकं लावून तवा उचलायच्या, आचेपासून वर धरून सावकाश गोल फिरवायच्या, म्हणजे पीठ कडेपर्यंत पळायचं आणि कड कागदाइतकी पातळ, कुरकुरीत व्हायची. त्यांच्या आईची हीच पद्धत. दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणून त्यांना जास्तच आवडायची.

सून आली, रसिका. ठाण्याची, कोपरीची. मुलगी वाईट नव्हती, पण शेवंतीबाईंच्या लेखी तिला जीभ नव्हती, म्हणजे चवीची. तिनं हौसेनं ऑनलाइन एक बिडाचं पॅन मागवलं. चकचकीत खोक्यातून आलं, बरोबर छापील पुस्तिका. रसिका ती वाचून दाखवायला लागली, "आई, याला सिझनिंग करावं लागतं, तेल लावून तापवायचं." शेवंतीबाई म्हणाल्या, "वाच वाच. पुढे चूल कशी पेटवायची तेही दिलं असेल." पोरीनं त्यात एकदा ऑम्लेट केलं, साबणानं घासलं, ओट्यावर निथळत ठेवलं. सकाळी सगळं तांबारलेलं. शेवंतीबाईंनी ते उचलून गॅलरीत कोरफडीच्या कुंडीखाली ठेवलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आमच्या सूनबाईंचं बीड बघा" म्हणून दाखवायला सुरुवात केली. रसिकानं त्यानंतर स्वयंपाकघरात काही आणलं नाही. फार काही विचारलंही नाही.

मुलगा सुशांत मात्र अधूनमधून विचारायचा. "आई, आता बस झालं ना. आपण बाई लावूया स्वयंपाकाला." एकदा तर तो सखुबाईंना घेऊनच आला. सखुबाई पलीकडच्या दोनतीन सोसायट्यांत पोळ्या करायच्या, स्वच्छ, नीटनेटक्या बाई. शेवंतीबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, एक पोळी करायला लावली, ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "छान आहे हो. बूट पुसायला." बाई निघून गेल्या. सुशांत चिडला. "ठीक आहे. पण ज्या दिवशी तुला झेपत नाही असं दिसेल ना, त्या दिवशी मी विचारणार नाहीये. बाई येणार म्हणजे येणार." "बघू," शेवंतीबाई म्हणाल्या. कोण कुठली बाई येऊन त्यांच्या तव्याला साबण लावणार, आणि आपण गॅलरीत कोरफडीशेजारी बसून पेपर वाचणार! त्यांना त्या कल्पनेनंच शहारा आला.

आणि नेमकं आषाढात मनगट गेलं.

गेलं म्हणजे मोडलं नाही, तसं काही नाही. अंगठ्याच्या मुळाशी एक कळ बसली आणि हटायलाच तयार नव्हती. कपडा पिळताना यायची, बरणीचं झाकण उघडताना यायची, पण ते चालवून नेता येत होतं. तवा मात्र ऐकेना. एका सकाळी भाकरी झाल्यावर उचलायला गेल्या, आणि हातातली ताकदच निघून गेली. तवा ओट्यावर असा आदळला की आतून सुशांत ओरडला, "काय पडलं?" "तुझ्या बायकोचा कप!" शेवंतीबाईंनी तिथल्या तिथे ठोकून दिलं. मग घाईघाईनं तवा बोटानं वाजवून बघितला. आवाज साफ होता, चीर गेली नव्हती.

तेव्हापासून लपवालपवी सुरू झाली. तवा उचलायचाच नाही, शेगडीवरच पुसायचा, तिथेच ठेवायचा. घावनं बंद. "पिठाला बुरशी धरतेय पावसात," ही सबब. रात्री बाम लावायच्या तो कंबरेच्या नावाखाली. डॉक्टरकडे जाणार कोण? डॉक्टर पट्टा बांधणार आणि पट्टा सुशांतला दिसणार. नागपंचमी आली. त्या दिवशी तवा चुलीवर चढवायचा नाही, काही चिरायचं-भाजायचं नाही, उकडलेलंच खायचं, ही परबांच्या घरातली रीत. दर वर्षी या दिवशी शेवंतीबाईंना चैन पडायची नाही, दिंडं उकडता उकडता चारदा तव्याच्या फडक्याकडे बघायच्या. या वर्षी मात्र सकाळी उठल्या आणि आज तवा नाही हे आठवून त्यांना इतकं हायसं वाटलं, की स्वतःचीच शरम वाटली. भरल्या ताटावर बसून त्या सुनेला उगाचच ओरडल्या, दिंडांत गूळ कमी आहे म्हणून. गूळ त्यांनीच घातला होता.

पुढच्याच आठवड्यात रसिकाच्या माहेरचे येणार असं ठरलं. रविवारी, जेवायला. विहीणबाईंचा फोन आला, "शेवंतीताई, ह्यांनी सांगून ठेवलंय हं, तुमच्या बिडावरची घावनंच हवीत." शेवंतीबाईंना या बाईचा मनापासून तिटकारा. विहीणबाईंच्या घरी सगळी भांडी न चिकटणारी, आणि बोलणंही तसंच, कुठे धरून म्हणून राहायचं नाही. सुशांत बाजूलाच बसला होता. "आई, जमेल ना? नाहीतर बाहेरून मागवू." त्यानं हे असं काही बारीक बघत विचारलं, की शेवंतीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "न जमायला काय झालं? मी काय आजारी आहे?"

आता काय करणार? शनिवारी दुपारी "नणंदेकडे जाऊन येते" सांगून बाई कल्याणला गेल्या. डोंबिवलीत फडके रोडवर पाऊल टाकलं की कुणीतरी हाक मारणार, आणि अशा कामाला हाक नको. कल्याणच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात शिरल्या, पदर डोक्यावरून घेतला, जणू काही दारूच्या गुत्त्यात आल्यायत. "नॉनस्टिक तवा," त्या हळूच म्हणाल्या. दुकानदाराला उत्साह. "घ्या ना मावशी, एकदम हलका! यात तेलाचा थेंब पण लागत नाय." "मग चव कशाची लागते, तुमच्या बोलण्याची?" शेवंतीबाईंच्या तोंडून गेलंच. पण तवा त्यांनी डाव्या हातात धरून बघितला, वर-खाली केला, आणि तो सहज वर-खाली झाला. त्या हलकेपणाचा त्यांना इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. घेतला. साडीच्या पिशवीत घालून आणला आणि सिंकखालच्या कपाटात तांदळाच्या डब्यामागे सारला.

रविवारी पाहुणे आले. विहीणबाई, व्याही महिपतराव, बरोबर बर्फीचा बॉक्स. काळ्या वाटाण्याची उसळ सकाळीच झाली होती, नारळाची चटणी वाटून तयार होती. शेवंतीबाईंनी सगळ्यांना बाहेर बसवलं. "घावनं करताना आत कुणी यायचं नाही, वारा लागतो, जाळी बिघडते." ही त्यांची जुनीच ताकीद, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पुढच्या शेगडीवर बिडाचा तवा ठेवला. त्याला भरपूर तेल लावलं आणि त्याच्या मागे, भिंतीकडच्या शेगडीवर तो काळ्या मुलाम्याचा पत्रा. बीड तापलं, तेलाचा धूर निघाला, वास बाहेरच्या खोलीत गेला. बाहेरून महिपतरावांचा आवाज आला, "अहाहा! आला बघा बिडाचा वास!"

शेवंतीबाईंनी ओठ आवळले आणि मागच्या तव्यावर पीठ सोडलं. चर्रर्र झालंच नाही. पीठ आपलं गपचूप पसरलं, जाळी आली पण मरगळलेली. सुटलं मात्र असं अलगद, की उलथनंसुद्धा लागलं नाही. रसिका ताट न्यायला दारात आली की शेवंतीबाई मागच्या तव्यावर चटकन परात पालथी घालायच्या आणि बिडावर उलथनं आपटायच्या. एकामागून एक घावनं बाहेर गेली. मनगटाला कळ आली नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा हात दुखला नव्हता, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना स्वयंपाक करून रडू आलं होतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा कौतुकाचा नुसता पूर लोटला. "शेवंतीताई, काय ती लुसलुशीत!" विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या नॉनस्टिकवर मेली अशी होतच नाहीत." महिपतराव म्हणाले, "बिडाचं लोह उतरतं हो त्यात. चवीलाच कळतं." सुशांत चौथ्या घावनावर होता. "आई, आजची टॉप! नेहमीपेक्षा भारी झालीत." रसिका मान हलवत होती.

शेवंतीबाई उभ्या राहून एकेकाचं तोंड बघत होत्या. हसायलाच पाहिजे म्हणून हसत होत्या, पण आतून त्यांना या सगळ्यांची अशी किळस आली की विचारू नका. गाढवं! नुसती गाढवं! लुसलुशीत म्हणे! घावन लुसलुशीत असतं? आणि हा माझा मुलगा, माझ्या हातच्या कडा खाऊन वाढलेला, हा म्हणतोय नेहमीपेक्षा भारी. म्हणजे मी इतकी वर्षं ते लोखंड उचललं, हात कामातून घालवला, तो कुणासाठी? ह्यांच्यासाठी? ह्यांना कल्याणच्या बाजारातला पत्रा पुरला असता पहिल्यापासून. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगितलं तर सखुबाई येणार होत्या. त्यांनी विहीणबाईंना आणखी एक घावन वाढलं.

जेवणं झाली. सुशांत आणि रसिका पाहुण्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरले. शेवंतीबाई ओट्यापाशी आल्या, परात उचलली, तो पत्रा कपाटात सारणार इतक्यात मागे पावलं वाजली. सहदेवराव हातात स्वतःचं ताट घेऊन उभे होते. ताटात एक घावन आणि दुसरं अर्धं, तसंच.

"टाकलंत?" शेवंतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नको तेवढा चढला. "तुम्ही कधीपासून टाकायला लागलात?"

"कड वाजली नाही," सहदेवराव म्हणाले.

"काय?"

"तुझ्या घावनाची कड दाताखाली वाजते. आज नाही वाजली. तवा बदललास ना?"

सगळ्या जगाला कळलं असतं तर चाललं असतं, पण हा माणूस! पुठ्ठ्यावाला! "मग जा, सांगा तुमच्या मुलाला," त्या फणकारल्या. "म्हणावं, हिला झेपत नाही. लाव बाई."

"सांगायचं असतं तर आषाढातच सांगितलं असतं," सहदेवराव ताट सिंकमध्ये ठेवत म्हणाले. "तेव्हापासून चहा डाव्या हातानं गाळतेस तू. बाम कंबरेला म्हणून आणायला लावलास आणि लावतेस मनगटाला."

"आणि बघत बसलात? तोंड नाही तुम्हाला? एकदा विचारावंसं नाही वाटलं?"

सहदेवरावांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "अगं, या घरात तुला काही विचारायची सोय ठेवलीयस का तू? त्या पोरीनं एकदा पॅन आणलं, त्याची कुंडी केलीस. ती बाई आली, तिच्या पोळीनं बूट पुसलेस. मी विचारलं असतं, तर माझं काय केलं असतंस?"

शेवंतीबाई ओट्याला टेकल्या आणि उजवं मनगट डाव्या हातात घट्ट धरून उभ्या राहिल्या. लपवायची गरज उरली नव्हती, म्हणून की काय, ते आता भलतंच ठणकायला लागलं होतं.

"पीठ उरलंय ना?" सहदेवराव म्हणाले. "मला भूक आहे. बीड अजून गरम आहे, गॅस लावतो. तू ओत, मी उचलतो."

"तुम्ही? तुम्हाला फडकं धरता येत नाही धड!"

"जत्रेतून कल्याणपर्यंत मांडीवर मीच आणलाय," ते म्हणाले आणि दोन्ही कानांना फडकी लावून उभे राहिले.

शेवंतीबाईंनी डाव्या हातानं पीठ सोडलं. चर्रर्र झालं. "उचला! आता उचला! अहो वर, आणखी वर, छताला नाही लावायचा! फिरवा. सावकाश! घोडी हाकताय का? अहो तिरका धरा, तिरका! काय माणूस आहे, देवा!" पीठ एका बाजूला धावलं, दुसऱ्या बाजूला भोक पडलं, घावन धड गोल झालं नाही. सहदेवराव घामाघूम झाले, पण तवा त्यांनी पडू दिला नाही.

तेवढ्यात दार वाजलं. सुशांत आणि रसिका आत आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. बाबा ओट्याशी, हातात बिडाचा तवा. मागच्या शेगडीवर उघडा पडलेला नवा कोरा नॉनस्टिक. "बाबा, तुम्ही काय करताय?" सुशांतनं विचारलं.

सहदेवरावांनी नुसतं बायकोकडे पाहिलं. सांगायचं की झाकायचं, ते तिच्यावर सोडून दिलं त्यांनी. शेवंतीबाईंच्या डोक्यात चटकन एक सबब तयारही झाली, बाबांना हौस आली म्हणून. मग त्यांनी ते भोक पडलेलं घावन बघितलं.

"माझा हात गेलाय," त्या म्हणाल्या. "आषाढापासून. तवा उचलत नाही मला. मघाशी खाल्लीत ती घावनं त्या पत्र्यावरची होती."

सुशांत थक्क. "अगं, पण मस्त झालेली की!"

शेवंतीबाईंनी पोटच्या पोराकडे अशा काही नजरेनं बघितलं की तो एक पाऊल मागे सरकला. रसिका पुढे झाली, म्हणाली, "आई, डॉक्टरकडे जाऊया उद्या. मी सुट्टी घेते." शेवंतीबाई तिला काहीतरी लागट बोलणार होत्या, सवयीनं. नाही बोलल्या. नुसत्या म्हणाल्या, "बरं."

सुशांत हळूच म्हणाला, "मग... सखुबाईंना विचारू का परत?"

"विचार. पोळ्या करू देत तिला. मी बोलले म्हणावं, ते विसर." शेवंतीबाईंनी वाटी पुन्हा पिठात बुडवली. "तव्याला मात्र हात लावायचा नाही तिनं. तव्याला हे आहेत."

आणि मग सहदेवरावांवर खेकसल्या, "बघताय काय माझ्याकडे? उचला! जळतंय तिकडे!"